एक उत्तर बाकी

सुनीतीवहिनींचं पत्र येऊन वर्ष होत आलं होतं आणि श्यामसुंदर मेहेंदळ्यांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र अगदी साधं होतं. निळं आंतरदेशीय, त्यात मोजक्या ओळी. ‘भावोजी, हे गेल्याचं तुम्हाला कळलं असेलच. दवाखान्यात का आला नाहीत, असं मी विचारणार नाही. एकदा घरी येऊन जा. यायच्या आधी कळवा, म्हणजे मी घरी थांबेन. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहिते आहे.’

उत्तर लिहिलंच नव्हतं असं नाही. पुष्कळदा लिहिलं. पहिल्या उत्तरात दुःख जरा जास्त झाल्यासारखं वाटलं म्हणून ते फाडलं. दुसऱ्यात फारच कमी वाटलं. मग इतके दिवस उलटले की आधी उशिराबद्दल क्षमा मागणं आलं. ती क्षमा दर महिन्याला लांबत गेली आणि शेवटी कागदावर क्षमाच मावेना, तर ‘येतो’ हा शब्द कुठे लिहायचा, असा प्रश्न उभा राहिला. श्यामसुंदरांनी कागद मिटून ठेवला. त्यांच्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी अशाच मिटून ठेवलेल्या होत्या. लग्नही. विचारायचं राहून गेलं होतं.

माधव, म्हणजे सुनीतीवहिनींचा नवरा, हा त्यांचा एकुलता एक मित्र. एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात दोघांनी सारी नोकरी शेजारच्या टेबलांवर केली. माधव प्रोग्रॅम लिहायचा आणि श्यामसुंदर तो कागदावर तपासायचे. माधवला घाई असे, श्यामसुंदरांना शंका असत. दोघांचं मिळून काम बरं होई. निवृत्तीनंतर माधव वारज्याला राहायला गेला. श्यामसुंदर सदाशिव पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत पुस्तकांबरोबर राहिले. ‘एकदा येतो’ असं ते म्हणत राहिले. वारजं काही लांब नव्हतं, पण जायला निघावं तर लागतंच.

त्या रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली. दारात पांढरी टोपी घातलेले एक धिप्पाड गृहस्थ उभे होते.

“मेहेंदळे सायेब तुमीच का?”

“हो. आपण?”

“मी संपतराव. वारज्याच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा अध्यक्ष. सुनीतीताईंनी धाडलंय. आमचा कम्पुटर येडा झालाय.”

श्यामसुंदरांनी त्यांना बसायला सांगितलं. खुर्चीवर शब्दकोश होते, म्हणून संपतराव उभेच राहिले आणि त्यांनी उभ्या उभ्या सगळी हकीकत सांगितली. संघाचं दर महिन्याला एकत्र जेवण असे. त्यासाठी माधवने एक प्रोग्रॅम करून दिला होता. तो सकाळी प्रत्येक सभासदाच्या मोबाइलवर ‘जेवायला येणार?’ असं विचारी, होय-नाही गोळा करी आणि शेवटी किती जण ते सांगे. माधव गेल्यावर तो बिघडला.

“कोजागिरीला त्यानं सांगितलं, चार माणसं,” संपतराव म्हणाले. “सोजरबाईनं चार माणसांचं दूध आटवलं. आलं आख्खं गाव. शेवटी पळीपळीनं वाटलं, तीर्थ दिल्यावानी.”

“मग सरळ माणसं मोजून स्वयंपाक करावा.”

“कसं मोजता? निम्म्यांचा डबा घरी जातो. कुणाचे गुडघे, कुणाचा दमा. आन् वरनं ठराव हाय.”

“ठराव?”

“माधवरावांनीच केल्याला. कम्पुटरनं आकडा सांगितल्याबिगर चूल पेटवायची न्हाय. अन्न वाया जातं म्हणून. आज त्यांच्या वर्षाचं जेवान हाय, आन् आजच त्यांचा ठराव मोडायचा व्हय?”

‘वर्षाचं’ हा शब्द ऐकून श्यामसुंदर खिडकीकडे बघायला लागले. तारीख त्यांना माहीत होती. सकाळपासून ते ती विसरायचा प्रयत्न करत होते.

“मी बघतो,” ते म्हणाले. “विचार करून आपल्याला कळवतो.”

“ताईंनी सांगितलंय, ते कळवतो म्हणतील. कळवू देऊ नका, स्कूटरवर घाला.”

स्कूटरवर मागे बसल्याबसल्या श्यामसुंदरांनी मनाशी ठरवलं की प्रोग्रॅम दुरुस्त करायचा आणि पानं मांडायच्या आत रिक्षाने परतायचं. ज्या मित्राला शेवटी भेटायला गेलो नाही, त्याच्या नावाचं जेवण कुठल्या तोंडाने जेवायचं?

संघाचं विरंगुळा केंद्र म्हणजे एक लांबट हॉल आणि मागे स्वयंपाकाची शेड. दारातच सुनीतीवहिनी उभ्या होत्या. त्या बारीक झाल्या होत्या.

“या भावोजी. कळवलं नाहीत.”

“ते... राहिलं.”

“असू दे. वर्षभर घरीच थांबले होते. आज नेमकी बाहेर पडले.”

एवढं बोलून त्या बाजूला झाल्या. श्यामसुंदर खाली मान घालून कॉम्प्युटरपाशी गेले.

माधवचा प्रोग्रॅम उघडला आणि त्यांना अगदी अक्षर ओळखावं तसं झालं. तीच घाई, तेच लांबलचक नाव द्यायचा कंटाळा. माधवने प्रत्येक सभासदासाठी एक थ्रेड सोडला होता. थ्रेड म्हणजे मुख्य प्रोग्रॅमने मागच्या मागे कामाला धाडलेली माणसं समजा. एकेकजण एकेका सभासदाच्या दारात जाऊन उत्तराची वाट बघत उभा राहतो. सगळे परत आले की मुख्य प्रोग्रॅमने आकडा सांगायचा. पण ते परत यायच्या आधीच मुख्य प्रोग्रॅम संपला, तर बाहेरचे जिथे असतील तिथेच संपतात. त्यांचं कुणी ऐकत नाही. कोजागिरीला तेच झालं होतं.

एका ठिकाणी माधवने टीप लिहून ठेवली होती : ‘इथे सगळ्यांसाठी थांबणे.’ तिच्याखालची ओळ गायब होती.

“ही ओळ कुणी काढली?”

“पुतण्यानं,” संपतराव म्हणाले. “हिंजवडीला कंपनीत हाय. म्हणला, काका, ह्यो नुसता वाट बघत बसतोय, हँग होतोय. एक ओळ काढतो, बघा कसा सुसाट पळतो. पळाला की.”

ओळ एवढीशीच होती. श्यामसुंदरांनी ती परत लिहिली आणि मग मागे वळून बघितलं. माधवला विचारल्याशिवाय त्याच्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी कधी एक अक्षरही घातलं नव्हतं. मागे दत्तोबा नावाचे एक वृद्ध सभासद खुर्चीत झोपले होते. श्यामसुंदरांनी ती ओळ आणखी दोनदा तपासली आणि प्रोग्रॅम सुरू केला.

हॉलभर मोबाइल किणकिणले. कुणी चष्मा शोधायला लागलं, कुणी शेजारच्याचा फोन उचलून कानाला लावला. दत्तोबांना हलवून जागं करण्यात आलं, त्यांनी ‘होय’ दाबलं आणि ते पुन्हा झोपले. पडद्यावर ‘उत्तरं बाकी’ असं लिहून पुढे आकडा येत होता. तो भराभर खाली आला, मग सावकाश खाली आला आणि एकावर येऊन थांबला.

*एक उत्तर बाकी.*

सगळे थांबले. आकडा हलेना.

“कोण राहिलंय?” संघाच्या चिटणीस मंदाकिनीबाईंनी विचारलं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांचा प्रश्न ऐकून दोघातिघांनी उगीचच हात मागे घेतले.

“नाव तो दाखवत नाही,” श्यामसुंदर म्हणाले. “माधवने ती सोय केली नव्हती.”

“मग आता करा.”

“त्यासाठी बंद करावा लागेल. बंद केला तर आलेली सगळी उत्तरं जातील. पुन्हा सगळ्यांना विचारावं लागेल.”

“म्हणजे पुन्हा दत्तोबांना उठवायचं?”

ते कुणालाच शक्य वाटलं नाही.

“किती वेळ वाट बघायची याला मर्यादा घालता आली असती,” श्यामसुंदर पुटपुटले. “ते मला आधी सुचायला हवं होतं.”

“मर्यादा आम्हालाही आहे,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “मधुमेह म्हणतात तिला.”

एवढ्यात शेडमधून सोजरबाई झारा घेऊन आली. “आकडा सांगा की! मसालेभाताची वांगी चिरून ठेवलीत, ती काळी पडाय लागली. तांदूळ भिजवू का न्हाय?”

“भिजवायचे नाहीत,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “ठराव आहे.”

“आवो, तोंडी इचारा समद्यांना आन् मोकळं व्हा!” संपतराव म्हणाले.

“ठरावात ‘संगणकाने सांगितल्यावरच’ असं स्पष्ट आहे. ठराव बदलायचा तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल. तिला पंधरा दिवसांची नोटीस लागते. तोवर थांबता?”

मग शोध सुरू झाला. मंदाकिनीबाईंनी एकेकाला उभं करून मोबाइल तपासला. मुक्ताबाईंनी बटण दाबलंच नसणार असा सगळ्यांचा संशय होता, कारण त्या फोन बटव्यात घालून बटव्याची नाडी आवळून ठेवत. निघालं असं की त्यांनी दोनदा दाबलं होतं.

“येकदा माझं, येकदा ह्येंचं,” त्या म्हणाल्या.

“पण तुमचे हे तर...”

“ठावं हाय मला. सवय ऱ्हायली.”

मंदाकिनीबाई पुढच्याकडे वळल्या. दुसऱ्यांदा दाबलेलं यंत्राने धरलंच नव्हतं.

घरी असलेल्यांना फोन झाले. एकांनी ‘उत्तर दिलं, डबा कुठाय?’ असं विचारलं. दुसऱ्यांनीही तेच विचारलं, जरा जास्त जोराने. मुलीकडे अमेरिकेला गेलेल्या सभासदाने तिकडे रात्र असताना उठून ‘नाही’ दाबलं होतं आणि जेवायला काय आहे तेही विचारून घेतलं होतं. खडकवासल्याला लेकीकडे गेलेल्या एका बाईंचा फोन लागेना, म्हणून संपतराव स्कूटर काढून तिकडे पळाले. बऱ्याच वेळाने धुळीने माखून परत आले.

“त्यांनी सकाळीच दाबलंय. वर मला चा पाजला आन् म्हणल्या, मेलं एवढ्यासाठी कशाला आलात.”

हॉलमध्ये आता भुकेची शांतता पसरली होती. तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “माधवरावांचंच नाव तर नाही ना राहिलं यादीत?”

सगळ्यांनी सुनीतीवहिनींकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

“नाही,” मंदाकिनीबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. “ते मी स्वतः कमी केलं. यांच्यासमोर.”

“हो,” सुनीतीवहिनी म्हणाल्या. त्या मघापासून भिंतीशी बसून होत्या. “मानद सभासद बघितलेत का?”

“मानद सभासद आपल्याकडे...” मंदाकिनीबाईंनी यादीचं शेवटचं पान उलटलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. “एक आहेत. श्यामसुंदर मेहेंदळे, सदाशिव पेठ.”

सगळा हॉल श्यामसुंदरांकडे वळला. इतक्या लोकांनी एकदम त्यांच्याकडे याआधी कधी बघितलं नव्हतं. त्यांना कॉम्प्युटरच्या मागे जावंसं वाटलं.

“मी? मी सभासद नाही. मला कुणी विचारलं नाही.”

“ह्यांनी केलं होतं,” सुनीतीवहिनी म्हणाल्या. “आम्ही इकडे आलो त्याच महिन्यात. मी म्हटलं, अहो, निदान विचारा तरी. तर म्हणाले, विचारलं तर तो विचार करत बसेल.”

“तुमाला मेसेज येत न्हाईत व्हय?” संपतरावांनी विचारलं.

“येतात. दर महिन्याला. मला वाटलं, यंत्राचे आहेत.”

“यंत्राचेच होते,” सुनीतीवहिनी म्हणाल्या. “पण यंत्राला सांगून कोण ठेवत होतं?”

श्यामसुंदर पडद्यावरच्या आकड्याकडे बघत राहिले.

“दर वेळी हे असेच इथे बसायचे. एकच राहायचं. सोजरबाई ओरडायच्या. हे म्हणायचे, थांबा जरा, आज देईल. शेवटी स्वतःच्या फोनवरून तुमच्या नावावर ‘नाही’ टाकायचे. त्यांच्या फोनवरून कुणाचंही उत्तर देता यायचं. हे गेल्यावर मीच टाकत होते, पण कोजागिरीच्या आधी तो नंबरच बंद केला.”

मंदाकिनीबाईंनी यादी मिटली. “म्हणजे इतकी वर्षं आम्ही रोज... दर महिन्याला उशिरा जेवतोय, ते यांच्यामुळे?”

“आन् आम्ही माधवरावांना म्हणायचो, तुमचा कम्पुटर लई मंद,” संपतराव म्हणाले. “फोन कुठं हाय तुमचा?”

“घरी. कपाटात. शब्दकोशांच्या मागे.”

संपतरावांनी स्कूटरची किल्ली उचलली.

श्यामसुंदर मोबाइल रोज रात्री नेमाने चार्ज करत. वाजला की कपाटापाशी जाऊन, वाजणं थांबेपर्यंत उभे राहत. आता घरी येऊन त्यांनी तो कपाटातून बाहेर काढला. पडद्यावर सकाळचा प्रश्न होता. ‘जेवायला येणार? होय / नाही.’ बोट वर सरकवलं तर त्याच्यावर कोजागिरीचा प्रश्न होता. त्याच्यावर त्याच्या आधीच्या महिन्याचा. ते सरकवत राहिले. तोच प्रश्न, त्याच शब्दांत, पान संपलं तरी संपेना. एकाही प्रश्नाखाली काही लिहिलेलं नव्हतं.

खाली स्कूटरचा हॉर्न वाजला. मग पुन्हा वाजला. मग जिन्यावर पावलं वाजली.

“काय झालं? सापडंना व्हय?”

“सापडला.”

“मग?”

“विचार करतोय.”

“आवो, तिकडं आख्खा संघ उपाशी बसलाय! नाही म्हणायचं तर नाही म्हणा, पर काहीतरी दाबा!”

“‘नाही’ तर तोही टाकत होता,” श्यामसुंदर म्हणाले. “पण ‘होय’ तरी कसं म्हणू? मी दवाखान्यात गेलो नव्हतो, संपतराव. म्हणजे गेलो होतो. फाटकापर्यंत. वाटलं, आत घरची माणसं असतील, आपण कशाला. रस्त्यापलीकडे उभा राहिलो आणि परत आलो.”

संपतरावांनी खुर्चीवरचे शब्दकोश उचलून जमिनीवर ठेवले आणि ते बसले.

“मी रोज जायचो,” ते म्हणाले. “शेवटी शेवटी त्यांना कुणाचीच वळख लागंना. मला बघून म्हणायचे, श्यामसुंदर, आलास का? पयल्या दिवशी म्या म्हणलं, न्हाय, मी संपत. तर कासावीस झाले. दुसऱ्या दिवसापासनं म्हणलं, आलो. की गप झोपायचे. मी आपला इचार करायचो, कोण असंल ह्यो श्यामसुंदर.” त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “तर ह्यो. चष्मेवाला. फोन कपाटात ठिवणारा.”

श्यामसुंदरांनी जमिनीवरचे शब्दकोश उगीचच सरळ रचले.

“ताईंना ह्यातलं सांगू नका,” संपतराव म्हणाले. “दाबा आता. वांगी काळी पडत्यात.”

श्यामसुंदरांनी चष्मा पुसला. चष्मा पुसूनही नीट दिसेना, म्हणून फोन डोळ्यांजवळ नेला आणि ‘होय’ दाबलं.

थोड्याच वेळात संपतरावांचा फोन वाजला. सोजरबाईचा आवाज खोलीभर ऐकू आला. आकडा आला होता, चूल पेटली होती, आणि येताना कोथिंबीर आणायची होती, कारण सकाळची मान टाकून बसली होती.

“चला,” संपतराव उठले.

“एक मिनिट.”

श्यामसुंदर टेबलाशी बसले, खणातून कोरं आंतरदेशीय काढलं आणि लिहायला लागले.

“आता ह्ये काय?”

“पत्र. सुनीतीवहिनींना.”

“आवो, त्या तिकडं बसल्यात की! आता जाऊन तोंडासमोर बसाल!”

“त्यांनी यायच्या आधी कळवायला सांगितलं होतं.”

संपतराव वाट बघत दारात उभे राहिले. या वेळी पत्र लगेच संपलं. ‘वहिनी, पत्र मिळालं. आज येतो आहे. जेवूनच जाईन. श्यामसुंदर.’ क्षमा मागायची राहिली, हे घडी चिकटवल्यावर लक्षात आलं, पण आता उघडायचं तर फाटलं असतं.

कोपऱ्यावरच्या तांबड्या पेटीपाशी संपतरावांनी स्कूटर थांबवली. इंजिन बंद केलं नाही.

“आज ऐतवार. उद्या निघंल, परवा मिळंल त्यास्नी.”

“चालेल,” श्यामसुंदर म्हणाले. त्यांनी पत्र आत टाकलं, फटीतून बोटं घालून ते खरंच खाली पडलं का ते चाचपलं, आणि मग स्कूटरवर बसले.